स्वतःच्या जमिनीवर खासगी नेमबाजी रेंज: नियम, सुरक्षितता आणि उभारणी

आपल्याकडे शेतजमीन, फार्महाऊस किंवा रिकामे गोदाम आहे आणि घरातील मुला-मुलींना नेमबाजीचा सराव तेथेच करता यावा, अशी आपली इच्छा असेल, तर ही माहिती आपल्यासाठी आहे. भारतात अशा खासगी रेंजची उदाहरणे आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक जिंकणारे अभिनव बिंद्रा यांनी चंदीगडजवळच्या आपल्या घरी वडिलांनी बांधून दिलेल्या रेंजवर अनेक वर्षे सराव केला होता.

मात्र एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. जमीन आपल्या नावावर आहे आणि शस्त्राचा परवानाही आहे, म्हणून त्या जमिनीवर रेंज चालवण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. या तिन्ही बाबी कायद्याने वेगवेगळ्या आहेत.

आधी ठरवा: छर्रा की काडतूस?

पुढचा सगळा मार्ग या एका निर्णयावर अवलंबून आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाचा बोअर ४.५ मिमीपेक्षा (.१७७) मोठा नाही आणि छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, त्यासाठी शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेतील १० मीटर एअर रायफल या मर्यादेच्या बरीच खाली असते. मात्र ५.५ मिमी बोअरची एअरगन दिसायला तशीच असली, तरी ती परवान्याच्या कक्षेत येते. खरेदीचे बिल आणि ओळखपत्राची प्रत जपून ठेवा. पोलिसांनी विचारल्यास तीच दाखवावी लागते.

काडतूस वापरणारे कोणतेही शस्त्र, अगदी .२२ रायफलसुद्धा, शस्त्र अधिनियम, १९५९ खाली येते. घरगुती सरावासाठी आमची स्पष्ट शिफारस १० मीटर एअर रेंजची आहे. ती छपराखाली बसते, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होत नाही आणि नवशिक्याचा पाया त्याच प्रकारात पक्का होतो.

१० मीटर एअर रेंजची उभारणी

चार लेनच्या रेंजसाठी साधारण १५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद जागा पुरते. गोळीबाराच्या रेषेपासून लक्ष्याच्या दर्शनी पृष्ठभागापर्यंतचे अंतर बरोबर १० मीटर हवे. लक्ष्याचा मध्य नेमबाज उभा राहतो त्या जमिनीच्या पातळीपासून १.४० मीटर उंच असावा. दोन्ही मापांत ५ सेंमीपर्यंतचा फरक चालतो. जुन्या गोठ्यात किंवा गोदामात पाणी वाहून जाण्यासाठी जमिनीला उतार दिलेला असतो. त्यामुळे उंची लक्ष्याखालच्या जमिनीपासून मोजली की ती चुकते. नळीत पाणी भरून पातळी काढणारा गवंडी हे काम दहा मिनिटांत करून देतो. प्रत्येक लेन किमान १ मीटर रुंद ठेवा. लक्ष्यावर किमान १,५०० लक्स प्रकाश पडला पाहिजे आणि दिव्याची चमक नेमबाजाच्या डोळ्यांत येता कामा नये. एअर रायफलच्या लक्ष्यावरील १० गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अंधूक उजेडात सराव करून डोळे तेवढे थकतात.

छर्रा अडवण्याची व्यवस्था हा रेंजचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. लक्ष्यामागे नुसती विटांची किंवा काँक्रीटची भिंत ठेवू नका. सरळ आदळलेला छर्रा उलट फिरतो आणि १० मीटरवरून परत येऊन डोळा जायबंदी करू शकतो. जाड पोलादी पत्रा तिरका बसवा, म्हणजे छर्रा खाली वळून पेटीत पडेल. नवशिक्याचा छर्रा लक्ष्याच्या बाजूलाही जातो, म्हणून लक्ष्यांच्या मधली आणि वरची भिंतही जाड लाकडी फळ्यांनी किंवा रबराच्या चटयांनी झाका.

लक्ष्याच्या बाजूला दार किंवा खिडकी असेल, तर ती कायमची बंद करा. केवळ कडी लावणे पुरेसे नाही. शेतावर मजूर, लहान मुले आणि जनावरे कुठूनही आत येतात. रेंजमध्ये येण्याचा एकच मार्ग असावा आणि तो नेमबाजाच्या मागून असावा. सराव चालू असताना बाहेर लाल झेंडा लावा. ‘स्टॉप’ हा शब्द कोणीही उच्चारला, अगदी पाहायला आलेल्या आजीने म्हटला, तरी सर्वांनी शस्त्र खाली ठेवायचे हा नियम पहिल्याच दिवशी लावा. लक्ष्य बदलायला कोणी पुढे जाणार असेल, तर त्याआधी प्रत्येक शस्त्राच्या नळीत रंगीत दोरी घातलेली दिसली पाहिजे. एअर रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर मुदतीची तारीख छापलेली असते. ती उलटून गेलेला सिलिंडर भरू नका, जुनी रायफल विकत घेताना तर ही तारीख आधी पाहा.

शिसे: न दिसणारा धोका

छर्रे शिशाचे असतात. एका छर्‍याचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. रोज ६० छर्रे मारणारा एक नेमबाज वर्षभरात जवळपास १० किलो शिसे त्या पेटीत जमा करतो. आदळताना त्याची बारीक धूळ उडते. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो आणि रेंजवर बहुतेक वेळा मुलेच असतात. म्हणून रेंजमध्ये खाणे-पिणे नको, सरावानंतर साबणाने हात धुणे आवश्यक आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे योग्य. पेटीतील शिसे उघड्यावर किंवा विहिरीजवळ टाकू नका. ते साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या.

काडतुसांची रेंज हवी असल्यास

.२२ ची गोळी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. एक एकर, म्हणजे ४० गुंठ्यांचे चौकोनी शेत एका बाजूला जेमतेम ६४ मीटर भरते. म्हणजे ५० मीटरची रेंज त्यात कागदावर बसते, पण चुकलेली गोळी शेजाऱ्याच्या शेतात, रस्त्यावर किंवा वस्तीत जाते. म्हणूनच मातीचा उंच बंधारा, बाजूच्या भिंती आणि वरून जाणारी गोळी अडवणारे आडवे अडथळे यांशिवाय अशा रेंजचा विचारच करता येत नाही. बंधाऱ्याची माती दगड-गोटे काढून चाळलेली हवी, नाहीतर गोळी उसळते.

अशा रेंजसाठी किंवा क्लबसाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. जिल्ह्यात हे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे असतात. निर्णयापूर्वी पोलिसांचा अहवाल मागवला जातो. जमिनीपासून १० किलोमीटरच्या आत अभयारण्य असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. अनेक अर्जदारांना ही अट बांधकामाचा खर्च करून झाल्यावर कळते.

पीकसंरक्षणासाठी किंवा आत्मसंरक्षणासाठी मिळालेल्या परवान्यावर रेंज चालवता येत नाही. आपले शस्त्र पाहुण्यांना किंवा भाच्याला ‘एकदा मारून बघ’ म्हणून देणे हाही गुन्हा ठरू शकतो, कारण परवाना व्यक्तीच्या नावाने असतो. २१ वर्षांखालील व्यक्तीच्या नावे परवाना मिळत नाही. प्रशिक्षणातील वापरासाठी नियमांत वेगळी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारामुळे इतरांचा जीव धोक्यात आल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जमीन स्वतःची होती, हा त्यावर बचाव नाही.

एअर रायफल विनापरवाना असली, तरी तिने पक्षी किंवा वन्यप्राणी मारण्याची मुभा मिळत नाही.

जमीन आणि स्थानिक परवानग्या

फक्त कुटुंबाच्या सरावासाठी अस्तित्वात असलेल्या इमारतीत दोन लेन घालणे आणि शुल्क घेऊन प्रशिक्षण केंद्र चालवणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात शेतजमिनीचा बिगरशेती वापर, बांधकाम परवानगी आणि अग्निसुरक्षा हे प्रश्न येतात. महाराष्ट्रात ज्याला ‘एनए’ म्हणतात, त्याची पद्धत कर्नाटक, राजस्थान किंवा उत्तर प्रदेशात वेगळी आहे. म्हणून आपल्या तहसील कार्यालयात सातबारा किंवा त्या राज्यातील जमिनीचा उतारा घेऊन चौकशी करा. लेखी उत्तर मिळेपर्यंत पाया खोदू नका.

आर्थिक मदत आणि संलग्नता

खेलो इंडियातील क्रीडा सुविधांसाठीचा निधी मुख्यतः राज्य सरकारे, स्थानिक स्वराज्य संस्था, विद्यापीठे अशा संस्थांसाठी आहे. खासगी मालकाने घरच्या रेंजसाठी तो गृहीत धरून खर्चाचा हिशेब मांडू नये. अनुदान मिळवून देतो, असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून दूर राहा.

घरच्या रेंजवरील गुण कोणत्याही निवडीसाठी धरले जात नाहीत. त्यासाठी नेमबाजाने जिल्हा किंवा राज्य रायफल संघटनेचे सदस्य होऊन अधिकृत स्पर्धेत उतरावे लागते. या संघटना नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाशी संलग्न असतात. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते आणि त्यांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरते. राज्य संघटनेच्या प्रशिक्षकाला किंवा पंचाला बांधकामाआधी जागा दाखवा. भिंत कुठे कमी पडते, हे ते एका फेरीत सांगू शकतात.