भुईमुगाचा संदर्भ-जनुकसंच आणि लघुखंडांची स्थाननिश्चिती

मानखुर्दच्या लगत तुर्भे येथे, ज्याचे ट्रॉम्बे हे रूप सर्वत्र रूढ झाले, १९५४ साली अणुशक्तिसंशोधनाची संस्था स्थापन झाली. १९६७ साली तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. तेथील जीवशास्त्रज्ञांनी 'स्पॅनिश इंप्रूव्हड' या भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरणांचा प्रयोग करून टपोऱ्या दाण्याचे उत्परिवर्तित वाण मिळविले. तेच 'टीजी-१' १९७३ साली प्रसारित झाले. पुढे अकोल्याच्या पंजाबराव कृषि विद्यापीठाच्या सहकार्याने १९९१ साली 'टीएजी-२४' आले. हे वाण ठेंगणे, लवकर येणारे व उत्पन्नास उत्तम. परंतु तांबेरा व टिक्का या रोगांपुढे दुबळे होय.

या दुबळेपणामुळेच ते संशोधनास उपयुक्त ठरले. धारवाडच्या कृषि विद्यापीठाच्या 'जीपीबीडी-४' या रोगप्रतिकारक वाणाशी त्याचा संकर करण्यात आला. त्या संततीतील प्रतिकारक व रोगप्रवण झाडांचे डीएनए निरनिराळे एकत्र करून त्यांचे लघुखंड वाचण्यात आले, आणि २०१७ साली तांबेऱ्याच्या प्रतिकाराशी निगडित असा सुमारे ३० लाख बेसांचा पट्टा 'ए-०३' या गुणसूत्रावर निश्चित झाला.

असा लघुखंड शेकडा-दीडशे बेसांचा असतो. तो कोठला, हे तो स्वतः सांगत नाही. आधी जुळवून ठेवलेल्या संदर्भ-जनुकसंचाशी ताडूनच त्याचे स्थान ठरते. म्हणून संदर्भातील दोष निष्कर्षात उतरतो. दोन सारख्या पुनरावृत्ती जुळणीत एकच धरल्या गेल्यास दोहोंचे खंड एकाच जागी गोळा होतात, व दोन प्रतींतील भेद एकाच स्थानावरील विविधता म्हणून भासतो. जेथे खंड पडला आहे, तेथील वाचन निराश्रित राहते अथवा भलत्याच सदृश स्थानी जाऊन बसते.

भुईमुगात ही अडचण विशेष तीव्र आहे. तो चतुर्गुणित असून त्याची ४० गुणसूत्रे 'ए' व 'बी' या दोन निकट पूर्वजांकडून आलेली आहेत. २०१६ साली अरॅकिस ड्युरानेन्सिस व अरॅकिस इपाएन्सिस या द्विगुणित जातींचे जनुकसंच प्रसिद्ध झाले आणि २०१७ चे संशोधन त्यांच्याच आधारे झाले. यांपैकी इपाएन्सिस 'बी' अंशाशी ९९ टक्क्यांहूनही अधिक जुळते; ड्युरानेन्सिस 'ए' अंशापासून त्या मानाने दूर आहे. शिवाय लागवडीच्या भुईमुगात काही ठिकाणी एका अंशाची जागा दुसऱ्याने घेतली आहे. अशा ठिकाणी द्विगुणित संदर्भावर एका बाजूस दुप्पट खंड, तर दुसऱ्या बाजूस शून्य खंड दिसतात. त्यास जनुकाचा लोप मानणे ही चूकच ठरेल. २०१९ साली 'टिफरनर' या लागवडीच्या वाणाचा, लांब वाचनांवर आधारलेला जनुकसंच उपलब्ध झाला, तेव्हा हा संभ्रम बऱ्याच अंशी दूर झाला.

तथापि जुळणीची अखंडता हा गुणवत्तेचा एकच निकष होय. 'जीपीबीडी-४' मधील प्रतिकार मूळचा अरॅकिस कार्डेनासी या वन्य जातीचा. तिचे तुकडे संकरमार्गे अनेक देशांच्या वाणांत पोहोचल्याचे २०२१ साली दाखविण्यात आले. हा तुकडा ड्युरानेन्सिसमध्ये मुळातच नाही. त्यातील जे खंड संदर्भाशी फार विसंगत असतात ते गाळले जातात. जे थोडेफार जुळतात तेवढेच स्थान मिळवितात. तेव्हा 'ए-०३' वरील पट्टा हा प्रतिकाराचा पत्ता होय. प्रतिकार करणारे जनुक तेथे छापलेले असेलच असे नाही. त्या पट्ट्यातील संदर्भ-जनुकांची यादी पाहून कारक जनुक ठरविणाऱ्याने हा भेद विसरता कामा नये.

यावरून एवढे निश्चित होते की, संदर्भावर न सापडलेली गोष्ट झाडातही नाही असे म्हणता येत नाही. वाण निवडण्यासाठी चिन्हक ठरविताना संदर्भ किती अखंड आहे याबरोबरच तो कोणत्या झाडाचा आहे, हेही पाहणे अवश्य आहे. कारण या चिन्हकांच्या भरवशावर निवडलेले बियाणे अखेर शेतकऱ्याच्या वावरात तांबेऱ्याला तोंड देणार असते.