फोटोत मागे काय आहे?

स्मरणिकेसाठी घरचे जुने फोटो द्यावेत, अशी सूचना बोर्डावर लावली तेव्हा समितीला वाटलं होतं, दहा-पंधरा येतील. आले एकशे चौदा. लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे. एकाने तर पासपोर्ट साइजचेच दिले, असो. निवड करायचं काम माझ्याकडे आलं आणि दोन दिवसांतच लक्षात आलं, की मी फोटोतल्या माणसांना सोडून त्यांच्या मागे काय दिसतंय तेच बघत बसलोय.

आपल्यातले निम्मे लोक डोंबिवलीला आले ते गिरगाव, दादर, लालबागहून. त्यामुळे या फोटोंमध्ये मागे जुनी मुंबई आहे. पण मुद्दाम इमारतीचा म्हणून काढलेला फोटो एकही नाही. असणार तरी कसा? आग्फाच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघायचे. ते भिंतींवर कोण घालवणार? भिंती काय, उद्याही तिथेच असणार होत्या!

ए विंगमधल्या एका आजोबांचा तरुणपणीचा फोटो दादरचा आहे. ट्रामच्या पायरीवर एक पाय, हातात छत्री. मुंबईत ट्राम आधी घोडे ओढायचे, १८७४ पासून. विजेची ट्राम आली १९०७ साली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. रूळ डांबराखाली गेले, पण टॅक्सीवाल्याला आजही ‘दादर टीटी’ सांगितलं की तो बरोबर पोचवतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे त्याला माहीत असायची गरज नसते. मुंबईची ही जुनी खोड आहे. वस्तू जाते आणि नाव राहतं. आपण रोज ज्या चर्चगेटच्या नावाने गाडी पकडत होतो, ते गेट म्हणजे किल्ल्याचा दरवाजा. आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी होता. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली तेव्हा तोही गेला. स्टेशन नंतर आलं, १८७० मध्ये.

दुसरा एक फोटो काळ्या घोड्यापाशी काढलेला, नव्या जोडप्याचा. दोघांमध्ये हातभर अंतर! घोड्यावर बसला होता सातवा एडवर्ड, पुतळा केला तेव्हाचा युवराज. पण लोकांनी त्याला मोजलंच नाही, नाव दिलं ते घोड्याचं. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला आणि राणीच्या बागेत नेला. त्यानंतर पन्नास वर्षं घोडा नसलेल्या चौकाला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ साली तिथे नवा घोडा उभा केला, या वेळी स्वाराशिवाय.

आता ज्या फोटोने माझी झोप उडवली त्याबद्दल. सी विंगमधल्या वहिनींनी त्यांच्या काकांच्या वरातीचा फोटो दिला. आम्ही दोघेही गिरगावचे, हे पंचवीस वर्षं माहीत होतं. पण ही वरात आमच्या चाळीवरून गेली होती, हे कुणाला ठाऊक! नवरदेवाच्या फेट्यामागे आमची चाळ उभी आहे, जिन्यापासून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. चाळ पाडून तिथे टॉवर झालाय. आमच्या घरी तिचा एकही फोटो नाही.

आमची चाळ मॅजेस्टिक सिनेमापासून हाकेच्या अंतरावर. हिंदुस्थानातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला याच मॅजेस्टिकमध्ये लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. पुढे थिएटर पाडलं आणि तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं राहिलं. पिक्चरचीही एकसुद्धा प्रत आज शिल्लक नाही. पहिल्या बोलपटाचे उरलेत ते फक्त फोटो, म्हणजे मुके!

तर मी मुलांना आयुष्यभर सांगत आलो, की आमच्या गॅलरीतून मॅजेस्टिकचा बोर्ड दिसायचा, मी पिक्चरची नावं तिथूनच वाचायला शिकलो. वरातीच्या फोटोत गॅलरीच्या बरोबर समोर तीन मजली बिल्डिंग आहे. बोर्ड दिसणं शक्यच नाही. फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, “अरे, बोर्ड गच्चीवरून दिसायचा. गॅलरीतून समोरच्यांचं धुणं दिसायचं. आणि गच्चीवर जायची तुला बंदी होती, म्हणून तू गॅलरीतून सांगायचास.” म्हणजे लहानपणी मार चुकवायला मारलेली थाप मलाच खरी वाटत राहिली! आता मुलं हसतात.

आईने मग भिंग मागितलं. गॅलरीच्या टोकाला बनियन घातलेला एक माणूस उभा आहे, हात मागे बांधून. चेहरा पुसट आहे. आमच्याकडे बाबांचे तीन फोटो, तिन्ही स्टुडिओतले, उसन्या कोटातले. “तेच आहेत,” आई म्हणाली. “वरात बघायला खाली चला म्हटलं तर आले नाहीत.” वहिनींनी तो फोटो परत घेतला नाही. त्यांच्या काकांना सांगून टाकलं, की कॉपी तुम्हाला देतो, मूळ फोटो यांच्याकडे राहू दे.

या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आपल्या भूमिपूजनाचा फोटो छापलाय. कुदळ धरलेले पहिले अध्यक्ष, हळदीकुंकवाचं तबक, मागे आपण सगळे, केस काळे असलेले. डाव्या कोपऱ्यात एक बैठं कौलारू घर आहे. दारात पेंढ्याची उडवी, दोरीवर लुगडं वाळत घातलेलं. आज तिथे आपलं स्कूटर पार्किंग आहे. मी सगळ्या संस्थापक सभासदांना विचारलं. ते घर कुणाचं होतं आणि ती माणसं पुढे कुठे गेली, हे एकालाही सांगता आलं नाही. कुणाला आठवत असेल तर कृपया सोसायटीच्या ऑफिसात नाव लिहून ठेवावं.