माटुंग्याचे यूडीसीटी : गिरण्यांच्या रंगखात्यापासून जैवइंधनापर्यंत

मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. ‘युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ हे त्याचे पूर्ण नाव, पण विद्यार्थ्यांपासून कारखानदारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘यूडीसीटी’ हेच राहिले. भारतातल्या एखाद्या विद्यापीठाच्या उपयोजित विज्ञान विभागात संशोधन कसे रुजले आणि ते कुठे अडले, हे समजून घ्यायला या विभागाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याचा जन्म गिरणगावाच्या गरजेतून झाला. मुंबईच्या गिरण्यांत सूत आणि कापड इथे तयार होई, पण ते रंगवण्याची रसायने जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधून येत. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांची आवक थांबली आणि हे परावलंबन उघडे पडले. १९२१ साली सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मुंबई प्रांतातल्या तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणाचा विचार केला. विद्यापीठात तंत्रविद्येचे उच्च शिक्षण असावे, ही मागणी तेव्हापासून जोर धरू लागली. तरी प्रत्यक्ष विभाग उभा राहायला बारा वर्षे गेली. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ कित्येक दशके मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था होते. स्वतःच्या प्रयोगशाळा चालवायच्या, त्यासाठी पैसा उभा करायचा, ही त्याची सवयच नव्हती. १९३३ मध्ये गिरणीउद्योग जवळून जाणणारे विठ्ठल चंदावरकर कुलगुरू झाले. विभागाच्या आरंभीच्या काळात हा धागा महत्त्वाचा ठरला.

आरंभी वस्त्र रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोनच शाखा होत्या. पहिले प्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. १९३८ मध्ये त्यांच्या जागी कृष्णस्वामी वेंकटरामन आले आणि विभागाचा चेहरामोहरा बदलला. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले वेंकटरामन त्याआधी लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होते. ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ या नावाने सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकांत गेलेली अभिक्रिया त्यांच्या लाहोरमधल्या कामातूनच पुढे आली. मुंबईत त्यांनी हे ज्ञान रंजकांकडे वळवले.

तेव्हाचे सर्वांत पक्के आणि सर्वांत महाग रंग म्हणजे व्हॅट रंजक. ते पाण्यात विरघळत नाहीत. कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायड्रोसल्फाइट घातलेल्या गरम कुंडात त्यांचे क्षपण झाले की ते विद्राव्य होतात आणि सुतात शिरतात. नीळ हे याचे सर्वांत जुने उदाहरण. कुंडातले द्रावण पिवळट-हिरवे असते, त्यातून काढलेले सूत हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते, कारण ऑक्सिजनमुळे रंग धाग्याच्या आतच पुन्हा अविद्राव्य होऊन बसतो. धुतल्यावर तो सुटत नाही तो यामुळे. या रंजकांची रचना काय, ते कापसाला का धरतात, उन्हात काही रंग टिकतात आणि काही का विटतात, हे प्रश्न गिरणीच्या रंगखात्यात रोज पडत. यूडीसीटीत त्यांची उत्तरे शोधली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कारखान्यांच्या पाहणीचे दोस्त राष्ट्रांचे अहवाल खुले झाले. त्यांतली माहिती वेंकटरामन यांनी बारकाईने अभ्यासली. ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ या त्यांच्या ग्रंथाचे दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःचा रंगउद्योग जेमतेम उभा राहत असलेल्या देशातून जगभर वापरला जाणारा संदर्भग्रंथ यावा, ही त्या पिढीची खरोखर मोठी कामगिरी होती. पुढे याच ग्रंथमालेचे आणखी खंड निघाले.

१९४३ मध्ये विभाग माटुंग्याला स्वतःच्या वास्तूत आला. व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय शेजारीच होते. याच दशकात अन्न, औषधे, तेले, प्लास्टिक आणि रंगलेप अशा शाखा जोडल्या गेल्या. प्रत्येक शाखेमागे मुंबईतला एखादा उद्योग होता, आणि विभागाची पहिली मोठी अडचणही इथेच होती. कारखान्याला आजच्या आज उत्तर हवे असते, मूलभूत संशोधनाला वर्षे लागतात. प्राध्यापकांना उद्योगांना सल्ला देण्याची मुभा होती. तिच्यामुळे खरे प्रश्न वर्गात येत आणि सरकारी वेतनाची उणीवही काही अंशी भरून निघे. पण सल्ल्याच्या कामाने संशोधन गिळून टाकू नये, याची काळजी त्या त्या प्राध्यापकालाच घ्यावी लागे. ज्यांनी ती घेतली त्यांच्यामुळे विभागाचे नाव झाले.

वेंकटरामन १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६६ मध्ये त्यांच्यानंतर तिथे आलेले बाळ दत्तात्रेय टिळक हेही यूडीसीटीत शिकवलेले. माटुंगा आणि ही प्रयोगशाळा जिथे आहे ते पुण्याचे पाषाण यांचे हे नाते नंतरही टिकले. मात्र गुणी माणसे बाहेर गेली की विद्यापीठातली पोकळी भरून काढणे सोपे नसे.

ही पोकळी वेगळ्या दिशेने भरली. मनमोहन शर्मा यांनी १९५८ मध्ये यूडीसीटीतून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. केली. १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते प्राध्यापक म्हणून माटुंग्याला परतले. परकीय चलनाची चणचण आणि आयात परवान्यांची कटकट असलेल्या त्या काळात महागडी उपकरणे मागवून संशोधन करणे जवळपास अशक्य होते. शर्मांनी निवडलेला विषय या परिस्थितीत नेमका झेपणारा होता.

वायू आणि द्रव यांची अभिक्रिया ज्या रिअॅक्टरमध्ये होते, त्यात द्रवातून असंख्य बुडबुडे वर चढत असतात. हे बुडबुडे लहानमोठे होतात, फुटतात, एकमेकांत मिसळतात. वायू आणि द्रव यांचा स्पर्श एकूण किती क्षेत्रफळावर होतो, यावर अभिक्रियेचा वेग ठरतो, पण ते क्षेत्रफळ पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी रसायनाचीच मदत घेतली गेली. कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषला जाण्याचा वेग सिद्धांतावरून ठाऊक असेल, तर रिअॅक्टरमधल्या द्रावणाचे थोडे नमुने काढून ब्युरेटने अनुमापन करायचे. ठराविक वेळात किती वायू शोषला गेला ते कळले की क्षेत्रफळ गणिताने निघते. काचेचा स्तंभ, वायूची टाकी, ब्युरेट आणि पक्का सिद्धांत एवढ्या सामग्रीवर जगातल्या आघाडीच्या नियतकालिकांत छापले जाणारे संशोधन होऊ लागले. १९९० मध्ये शर्मा लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते.

त्यांच्या हाताखाली १९६९ मध्ये पीएच.डी. झालेले रघुनाथ माशेलकर पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे आणि नंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) प्रमुख झाले. बुडबुड्यांच्या स्तंभाच्या म्हणजे बबल कॉलमच्या आतला प्रवाह गणिताने मांडणारे ज्येष्ठराज जोशी, पोकळीकरणाची म्हणजे द्रवात सूक्ष्म पोकळ्या तयार होऊन फुटताना सुटणारी ऊर्जा कामाला लावणारे अनिरुद्ध पंडित आणि घन उत्प्रेरकांवर काम करणारे गणपती यादव ही पुढच्या पिढीची नावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या यादवांनी आपल्या उत्प्रेरकांच्या मालिकेला ‘यूडीकॅट’ असे विभागाची आठवण ठेवणारे नाव दिले. जोशींनी मराठी विज्ञान परिषदेचे काम करून हे विज्ञान मराठी वाचकापर्यंत पोहोचवण्यालाही हातभार लावला.

संशोधनाला दुसरे बळ मिळाले ते कायद्याने. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधे आणि शेतीची रसायने यांच्या बाबतीत फक्त प्रक्रियेचे पेटंट मान्य केले. तोच पदार्थ वेगळ्या मार्गाने बनवण्याची वाट मोकळी झाली आणि प्रक्रिया बसवू शकणाऱ्या रसायनतज्ज्ञांना मागणी आली. यूडीसीटीत शिकलेले आणि काही काळ तिथे शिकवलेले केकी घरडा यांनी गव्हातल्या तणावरचे आयसोप्रोट्युरॉन स्वतःच्या प्रक्रियेने बनवून स्वस्त केले. औषधशाखेत शिकलेल्या अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये हैदराबादला डॉ. रेड्डीज उभी केली. २००५ मध्ये पदार्थाचे पेटंट परत आले, तेव्हा नक्कल-प्रक्रियेची वाट अरुंद झाली आणि नव्या रेणूंचा व नव्या प्रक्रियांचा शोध घेणे भाग पडले.

दरम्यान पायाखालची जमीनही सरकली. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. रासायनिक कारखाने ठाणे-बेलापूर, पाताळगंगा, लोटे आणि गुजरातच्या वापी-अंकलेश्वरकडे गेले. ज्या उद्योगासाठी विभाग जन्मला, तोच शहरातून नाहीसा होत होता. ट्रॉम्बे किंवा आंबिवलीच्या कारखान्यातला प्रश्न सायंकाळपर्यंत माटुंग्याला पोहोचत असे, तो काळ संपला.

प्रशासनाचा प्रश्न यापेक्षा चिवट निघाला. अभ्यासक्रम बदलणे, रिक्त जागा भरणे, यंत्र विकत घेणे, या सगळ्यांना विद्यापीठाच्या समित्यांतून जावे लागे. शेकडो महाविद्यालयांसाठी केलेले नियम एका संशोधन विभागाला लावले की दिरंगाई अटळ असते. पदवी घेऊन थेट अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे पीएच.डी.साठी चांगली माणसे टिकवणे हेही अवघडच होते. स्वायत्ततेच्या दिशेने पहिली पावले १९८० च्या दशकात पडली. २००२ मध्ये विभागाचे मुंबई विद्यापीठ रसायन तंत्रज्ञान संस्थेत रूपांतर झाले आणि २००८ मध्ये ती अभिमत विद्यापीठ झाली. तेव्हापासूनचे नाव रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच आयसीटी.

स्वायत्ततेनंतर आवाका वाढला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने २००८ च्या सुमारास ऊर्जा-जीवविज्ञान केंद्र सुरू झाले. तिथे अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल काढण्याची प्रक्रिया विकसित झाली. रोज दहा टन जैववस्तुमान घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला उभा राहिला. काड आणि तूस यांतली सेल्युलोज लिग्निनच्या आवरणात गुंतलेली असते. ती सोडवणे आणि विकरांनी तिची साखर करणे हे प्रयोगशाळेत जमले, तरी शेतोशेती विखुरलेले अवशेष गोळा करून वर्षभर कारखान्यापर्यंत आणणे हे वेगळेच काम आहे, आणि इथेनॉलची किंमत बरीचशी त्यावर ठरते. विद्यापीठातल्या रासायनिक संशोधनाची जुनी अडचण इथे नव्या रूपात समोर आली. छोट्या रिअॅक्टरवर सिद्ध झालेली गोष्ट मोठ्या कारखान्यात नेण्यासाठी मधला पायलट प्लँट लागतो, आणि तो खर्च प्रयोगशाळेच्या अनुदानात बसत नाही, कारखानदारालाही तो धोक्याचा वाटतो.

२०१८ मध्ये संस्थेची दोन केंद्रे माटुंग्याबाहेर सुरू झाली. इंडियन ऑइलच्या साहाय्याने एक भुवनेश्वरला, तर दुसरे मराठवाड्यात जालन्याला. तिथे नव्याने प्रयोगशाळा उभारणे आणि मुंबई सोडून यायला तयार असलेले प्राध्यापक मिळवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागली.