वस्तूच्या आयुष्याचा हिशेब : यजमान प्रणालीतील जावास्क्रिप्ट इंजिन आणि स्मृतिव्यवस्थापनाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांची गती, साठवणक्षमता आणि कंपन्यांची स्पर्धा यांभोवती फिरते. आज्ञावलीच्या अंतरंगातील काही मूलभूत प्रश्न त्यामुळे अलक्षित राहतात. संगणकाच्या मेमरीत, म्हणजे स्मृतीत, निर्माण झालेला ऑब्जेक्ट किती काळ ठेवावा आणि तो काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा, हा अशा प्रश्नांपैकी एक होय. सी++ या भाषेत ही जबाबदारी मुख्यतः प्रोग्रामरकडे असते, तर जावास्क्रिप्टमध्ये ती भाषेचे इंजिन स्वतः पार पाडते. परंतु ब्राउझरमध्ये या दोन्ही भाषा एकत्र नांदतात. सी++ मध्ये लिहिलेली प्रणाली यजमान असते आणि जावास्क्रिप्टचे इंजिन तिच्या आश्रयाने चालते. एकीचे ऑब्जेक्ट दुसरीच्या हाती जातात आणि त्यांच्या आयुष्याचा निर्णय कोणी घ्यावा, याबाबत पेच निर्माण होतो.

येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. ऑब्जेक्ट वेळेवर काढला नाही, तर स्मृती विनाकारण अडकून राहते. तो अकाली काढला, तर मोकळ्या झालेल्या जागेचा वापर चालूच राहतो आणि प्रणाली कोसळते किंवा हल्लेखोरास वाट मिळते. या पेचावर १९९५ नंतर कोणते उपाय योजले गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हा प्रश्न केवळ प्रोग्रामरच्या दक्षतेने सुटला नाही. दोन्ही बाजूंचे हिशेब एकत्र वाचणारी व्यवस्था उभी राहिली, तेव्हाच तो आटोक्यात आला, असे या इतिहासावरून दिसते.

दोन हिशेबपद्धतींचा उगम

या प्रश्नाची मुळे १९६० या एकाच वर्षात सापडतात. जॉन मॅकार्थी यांनी त्या वर्षी लिस्प भाषेविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. वापरात असलेल्या ठिकाणांपासून आरंभ करून जेथवर पोहोचता येते तेवढ्या नोंदींवर खूण करावी आणि उरलेली जागा मोकळी करावी, अशी पद्धत त्यात वर्णिली होती. हीच पुढे ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणून प्रसिद्धीस आली. ज्या ठिकाणांपासून शोध सुरू होतो त्यांना ‘मुळे’ म्हणतात. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी पद्धत मांडली. प्रत्येक नोंदीकडे किती ठिकाणांहून निर्देश होतो याची संख्या तिच्यासोबतच ठेवावी आणि ती शून्य होताच नोंद काढून टाकावी, हे तिचे सूत्र होते. तीस ‘संदर्भगणना’ असे म्हणता येईल.

संदर्भगणनेतील उणीव १९६३ मध्ये हॅरोल्ड मॅक्बेथ यांनी दाखवून दिली. दोन नोंदी परस्परांकडे निर्देश करीत असतील, तर बाहेरच्या कोणालाही त्यांची गरज उरली नसतानाही त्यांची संख्या शून्यावर येत नाही. हा ‘चक्रीय संदर्भ’ पुढील तीन दशके मुख्यतः तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय होता. ब्राउझरमुळे तो सामान्य वापरकर्त्याच्या संगणकापर्यंत पोहोचला.

ब्राउझरमधील पेच

ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत मे १९९५ मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचे पहिले रूप तयार केले. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत जेस्क्रिप्ट हे आपले इंजिन आणले. हे इंजिन खूण करून शोध घेणाऱ्या पद्धतीचे होते. मात्र वेबपृष्ठावरील बटणे, चौकटी आदी घटक मायक्रोसॉफ्टच्या कॉम या रचनेवर आधारलेले असून त्यांचे आयुष्य संदर्भगणनेवर अवलंबून होते. एकाच पृष्ठावर अशा रीतीने दोन स्वतंत्र हिशेब चालू झाले.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पृष्ठावरील एक बटण दाबताच चालणारे फंक्शन त्या बटणाला जोडलेले आहे आणि त्या फंक्शनच्या परिसरात पुन्हा त्याच बटणाचा उल्लेख आहे. बटण फंक्शनला धरून ठेवते आणि फंक्शन बटणाला. जेस्क्रिप्टच्या दृष्टीने फंक्शन यजमानाच्या वापरात असते, तर कॉमच्या दृष्टीने बटण जेस्क्रिप्टच्या वापरात असते. प्रत्येक हिशेब आपापल्या जागी बिनचूक असतो, तरीही दोन्ही ऑब्जेक्ट कायमचे अडकून पडतात. इंटरनेट एक्सप्लोररच्या २००१ मधील सहाव्या आवृत्तीत अशी अडकलेली स्मृती पृष्ठ सोडल्यावरही मोकळी होत नसे. त्यासाठी ब्राउझर बंद करावा लागे.

पृष्ठ बंद होताना सर्व जोडण्या हाताने तोडाव्यात, असा सल्ला त्या काळी प्रोग्रामरना दिला जात असे. यजमान प्रणालीच्या रचनेतील दोषाचा भार अशा प्रकारे वेबपृष्ठे लिहिणाऱ्यांवर पडला. २००६ मधील सातव्या आवृत्तीत पृष्ठ सोडताना बरीचशी स्मृती मोकळी होऊ लागली आणि २००९ मधील आठव्या आवृत्तीत चक्रीय संदर्भांवर अधिक व्यापक उपाय झाला. २०११ मधील नवव्या आवृत्तीत चक्र या नव्या इंजिनासोबत पृष्ठाचे घटक थेट जावास्क्रिप्टच्या व्यवस्थेशी जोडले गेले.

सीमेवरील व्यवस्थेचे प्रयोग

यजमानाच्या फंक्शनमध्ये तात्पुरत्या वापरासाठी घेतलेला जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट इंजिनाच्या दृष्टीस कसा पडावा, हा या पेचाचा दुसरा भाग होता. इंजिनाला तो दिसला नाही, तर ते त्यास निरुपयोगी समजून काढून टाकील. या प्रश्नाला भिन्न प्रकल्पांनी भिन्न उत्तरे दिली.

ॲपलच्या जावास्क्रिप्टकोअर या इंजिनाने यजमानाच्या स्टॅकवरील प्रत्येक मूल्य तपासून, जे ऑब्जेक्टच्या पत्त्यासारखे दिसेल त्यास जिवंत मानण्याचा सावध मार्ग स्वीकारला. प्रोग्रामरला तो सोयीचा असतो. परंतु एखादे मूल्य खरोखर पत्ता आहे की निव्वळ संख्या, याची खात्री नसल्यामुळे त्याने दर्शविलेला ऑब्जेक्ट इंजिनाला स्मृतीत दुसऱ्या जागी हलविता येत नाही. स्टॅकबाहेर जपलेल्या मूल्यांसाठी स्वतंत्रपणे संरक्षण मागावे लागते आणि तेथे चक्रीय संदर्भाचा धोका पुन्हा उद्भवतो. त्यावर २०१३ मध्ये ॲपलने ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठी सशर्त धारणेची सोय दिली. तीनुसार जपलेले मूल्य ते स्वतः जावास्क्रिप्टमध्ये पोहोचण्याजोगे असेपर्यंत, किंवा त्याचा नोंदविलेला मालक तसा असेपर्यंत, टिकते.

गुगलने सप्टेंबर २००८ मध्ये क्रोमसोबत आणलेल्या व्ही८ इंजिनाने ‘हँडल’चा मार्ग पत्करला. यजमानाला ऑब्जेक्टचा प्रत्यक्ष पत्ता न देता त्याकडे नेणारी मध्यस्थ नोंद दिली जाते. तात्पुरती हँडल एका ‘हँडल स्कोप’मध्ये जमा होतात आणि त्याची मर्यादा संपताच एकदम रद्द होतात; दीर्घकाळ जपावयाच्या ऑब्जेक्टसाठी कायम हँडल वेगळे असते. मध्यस्थ नोंद इंजिनाच्या ताब्यात असल्यामुळे ऑब्जेक्ट हलविणेही शक्य होते. नोड.जेएसने २०१७ मध्ये आणलेल्या जोडणीच्या संचातही स्कोप आणि संदर्भ हे दोन भेद कायम राहिले.

मोझिलाच्या स्पायडरमंकी इंजिनाचा प्रवास विशेष बोधप्रद आहे. प्रारंभी यजमानाने मुळे स्वतः नोंदवावीत अशी अपेक्षा होती आणि एखादी नोंद राहून गेल्यास दोष उद्भवत असे. २०११ मधील फायरफॉक्स ४ मध्ये स्टॅक तपासण्याची सावध पद्धत आली. पुढे ऑब्जेक्ट हलविण्याची गरज निर्माण होताच २०१३ च्या सुमारास मोझिलाने अचूक नोंदीचा मार्ग पुन्हा धरला. या वेळी नोंदी विशेष प्रकारांद्वारे आपोआप होत असत आणि राहून गेलेल्या नोंदी शोधण्यासाठी संगणकीय तपासणी होती. याच पायावर २०१४ मध्ये फायरफॉक्स ३२ मध्ये नव्या व जुन्या ऑब्जेक्टची पिढ्यांनुसार विभागणी करणारी व्यवस्था आली.

एकत्रित हिशेबाकडे

मोझिलाची यजमान प्रणालीही संदर्भगणनेवर आधारलेली असल्यामुळे चक्रीय संदर्भाचा प्रश्न तेथेही होता. डेव्हिड बेकन आणि व्ही. टी. राजन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या आधारे २००८ मधील फायरफॉक्स ३ मध्ये ‘सायकल कलेक्टर’ आला. तो दोन्ही बाजूंचे संदर्भ एकाच आलेखात पाहून बाहेरून आधार नसलेली चक्रे शोधतो. क्रोममध्ये पृष्ठघटकांसाठी ऑइलपॅन ही सी++ ची गार्बेज कलेक्शन व्यवस्था उभारली गेली. २०१८ पर्यंत व्ही८ चा शोध जावास्क्रिप्टमधून पृष्ठघटकांत आणि तेथून परत, असा सलग जाऊ लागला. २०२० मध्ये ऑइलपॅन व्ही८ प्रकल्पातच समाविष्ट झाले.

या परिश्रमांचे महत्त्व केवळ स्मृतीच्या बचतीपुरते नाही. क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्यातील गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या असुरक्षित हाताळणीतून उद्भवले होते आणि त्यांपैकी निम्मे मोकळ्या केलेल्या जागेच्या वापराचे होते. हे सर्व दोष जावास्क्रिप्टच्या सीमेवरचे नव्हेत. तथापि आयुष्याचा हिशेब चुकल्यास त्याची किंमत ब्राउझर वापरणाऱ्याला मोजावी लागते, हे त्यावरून स्पष्ट होते.

समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, दोन निर्दोष व्यवस्था शेजारी ठेवल्याने त्यांची बेरीज निर्दोष होतेच असे नाही. दोष त्यांच्या सीमेवर उद्भवतो आणि कोणत्याही एका बाजूने पाहिल्यास तो दिसत नाही. दुसरी अशी की, मानवी दक्षतेवर विसंबलेले नियम कालांतराने रचनेत समाविष्ट करावे लागले. तरीही प्रोग्रामरची जबाबदारी संपुष्टात आलेली नाही. २०२१ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणात दुर्बल संदर्भ आणि ऑब्जेक्ट नष्ट झाल्यावर सूचना मिळण्याची सोय आली. पण ती सूचना केव्हा मिळेल किंवा मिळेलच, याची हमी ते प्रमाण देत नाही. म्हणून उघडलेली फाइल वा जोडणी बंद करण्याचे काम त्या सूचनेवर सोपविणे योग्य ठरत नाही. कोणती वस्तू कोणाच्या मालकीची, हे आधी ठरवून मग आज्ञावली लिहिणे आजही आवश्यक आहे आणि संगणकशास्त्राच्या अध्यापनात या शिस्तीला भाषेच्या व्याकरणाइतकेच स्थान मिळावयास हवे.