अंगणात आलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आपण रोज बोलतो. त्याची गोष्ट आपल्या कोकण किनाऱ्यावरचीच आहे.

1945 साली ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावात लहान मुलांसाठी काम सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. त्याआधी ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं होतं. मूल नुसतं ऐकून शिकत नाही, स्वतःच्या हातांनी करून शिकतं, ही इटलीच्या माँटेसरीबाईंची शिकवण त्यांना पटली होती. पण त्या पद्धतीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. मोजायला शिकायचं, तर शिंपले मोजायचे.

तरीही दलित वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा मुलांना नावं न ठेवता दोघींनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते, ती अंगणवाडी.

1957 साली हे काम डहाणूजवळ कोसबाडला गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणातच शाळा भरवली. मोठ्या मुली भावंडं सांभाळायला घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटं पाळणाघरात, ताई वर्गात! पुढे 1975 साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं.

आज आपल्या रायगडात काय दिसतं? कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलंही त्यांच्याबरोबर जातात. आई मासळी विकायला गेली की थोरली मुलगी घरी अडकते. पटावर नाव असतं, वर्गात मूल नसतं. मग ते मागे पडतं आणि आपण त्याला 'ढ' म्हणतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढंच विचारूया: आपल्या वाडीतलं कोणतं मूल शाळेत जात नाही, आणि त्याचं कशावाचून अडतं? भावंडाला सांभाळण्यावाचून अडत असेल, तर आपण पाळी लावू. भट्टीवर निघालेलं असेल, तर जाण्याआधीच गुरुजींशी आणि अंगणवाडीताईंशी बोलू. ताराबाई-अनुताईंनीही आधी हेच पाहिलं होतं की मूल कुठे आहे.