तळटीप : घट्ट माध्यम आणि अगर
* मूळ लेखकाने येथे घट्ट संवर्धन माध्यमाचे सारे श्रेय रॉबर्ट कॉख यांना दिले आहे. ते अपुरे आहे. घट्ट पृष्ठभागावर जिवाणूंच्या वसाहती सुट्या वाढवून शुद्ध वाण मिळवण्याची पद्धत कॉख यांनीच रूढ केली, हे निर्विवाद. पण त्यांचे जिलेटिन ३७ अंश सेल्सिअसला वितळे आणि अनेक जिवाणू ते पचवून पातळ करत. समुद्रशैवालातून मिळणारे अगर वापरावे, ही सूचना १८८१ मध्ये फॅनी हेसे यांनी स्वयंपाकातील माहितीवरून केली. पती वाल्टर यांच्यामार्फत ती कॉख यांच्यापर्यंत पोहोचली. कॉख यांच्या १८८२ च्या क्षयविषयक निबंधात अगरचा ओझरता उल्लेख आहे, फॅनी यांचे नाव नाही. यावर कोणी म्हणेल, की क्षयाचे जिवाणू कॉख यांनी मुख्यतः उष्णतेने घट्ट केलेल्या रक्तद्रवावर वाढवले. अगरवाचून त्यांचे अडले नव्हते. हे खरे आहे. पण असा रक्तद्रव पुन्हा पातळ होत नाही, त्यामुळे त्यात नमुना मिसळून ओतता येत नाही. अगर मात्र सुमारे ८५ अंशांना वितळते आणि चाळिशीच्या आसपास उतरल्यावरच गोठते. म्हणून कोमट, पातळ अगरात जिवंत जिवाणू मिसळता येतात आणि गोठल्यावर ते ३७ अंशांनाही घट्ट, पारदर्शक राहते. हा गुण एका रोगापुरता नव्हे, साऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या उपयोगाचा ठरला. वाचकांनी या परिच्छेदात कॉख यांच्यासोबत फॅनी हेसे यांचेही नाव गृहीत धरावे. — संपादक