पत्त्यांची साठवण

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर प्रत्येक संगणकाला बाकी सगळ्यांचे पत्ते पाठ असत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ‘होस्ट्स.टीएक्सटी’ ही एकच यादी सांभाळत. तिची ताजी प्रत ज्याने त्याने उतरवून घ्यायची. म्हणजे पत्ते स्वतःच्या यंत्रावर ठेवण्याची रीत, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस यंत्रणेहून जुनी आहे. तिची वंशज असलेली ‘होस्ट्स’ फाइल विंडोज, मॅक आणि लिनक्सवर अजूनही असते.

यंत्रं वाढली, यादी पुरेना. १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधले पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिच्यातली सर्वांत दूरदर्शी गोष्ट म्हणजे टीटीएल. प्रत्येक उत्तरासोबत त्याची मुदत सेकंदांत येते: ३०० असेल तर पाच मिनिटं वापरा, मग पुन्हा विचारा. मुदत ठरवतो तो त्या नावाचा मालक.

उत्तर साठवायचं कुणी?

१९८७ च्या आरएफसी १०३४ या डीएनएसच्या नियम-दस्तऐवजाने एक वाट दाखवली. पीसीकडे ताकद कमी, तेव्हा शोधाचं काम नेम सर्व्हरकडे सोपवावं. संस्थेची कॅशही, म्हणजे उत्तरांचा साठाही, मग एका जागी राहते. ही विभागणी युनिक्समध्ये खोल रुजली. लिनक्सची ग्लिबसी लायब्ररी आजही विचारते, उत्तर प्रोग्रामच्या हाती देते आणि विसरून जाते. पीसीची ताकद वाढल्यावर मात्र हे कारण उरलं नाही. विंडोज २००० ने डीएनएस क्लायंट सेवेत कॅश आणली.

२००१ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी प्रत्यक्ष डीएनएस वाहतूक तपासली. दहा-वीस जणांपलीकडे कॅश सामाईक करून फारसं काही वाढत नाही, असं त्यांना आढळलं. फायद्याचा मोठा वाटा त्याच माणसांच्या त्याच त्या प्रश्नांतून येतो. डेस्कटॉपने कॅश ठेवावी, याला याहून चांगला आधार सापडणं कठीण.

अर्थात ती नीट बांधलेली हवी. ॲपलने मॅकच्या २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीत डीएनएस सांभाळणाऱ्या जुन्या ‘एमडीएनएसरिस्पॉन्डर’च्या जागी ‘डिस्कव्हरीडी’ आणला. नेटवर्कच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१५ मध्ये १०.१०.४ आवृत्तीत जुनाच परत आला. दुसरा त्रास नकाराचा. नवं डोमेन सुरू होण्याआधीच कुणी तपासलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तरही साठतं आणि नाव चालू झाल्यावरही काही काळ तेच ऐकू येतं. १९९८ च्या आरएफसी २३०८ ने या नकाराच्या मुदतीचे नियम नीट घालून दिले.

म्हणून कॅश पुसण्याची सोय साध्या माणसाच्याही हाताशी असायला हवी. विंडोजवर त्यासाठी ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ आहे. लिनक्समध्ये फेडोरा ३३ ने २०२० मध्ये ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ ही कॅश ठेवणारी सेवा मुळातच चालू ठेवली. तिथे ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ लिहिलं की साठा रिकामा होतो.